प्रिय, आणि पुढे नुसतं नाव

...आणि वर मलाच विचारतात, "‘प्रिय’ नीट लिहिलंस ना?" नीट म्हणजे काय हो? ‘प्रिय’ वाकडं कसं लिहितात? तुम्हीच सांगा. नवरा समोर डोळे मिटून बसलाय, हातात मशीनचं चाक, मांडीवर तेलाचं फडकं, आणि सख्ख्या बायकोला सांगतोय, लिही, "प्रिय", आणि पुढे एका परक्या बाईचं नाव. नुसतं नाव! ताई नाही, बाई नाही, मॅडम नाही, आडनावसुद्धा नाही... उघडं, बोडकं नाव! आणि ते लिहायचं कुणी? मी! याच बोटांनी, ज्या बोटांनी मी सकाळी देवापुढे दिवा लावते! तुम्हाला सांगते, मला काही वाटलं नाही. काही म्हणजे काही वाटलं नाही. फक्त त्या दिवशी कढईचं बूड इतकं घासलं, इतकं घासलं की त्यात माझं तोंड दिसायला लागलं, आणि ते तोंड काही फारसं बरं दिसत नव्हतं.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढी देवाधर्माची बाई आणि नवऱ्याच्या पत्रांवर जळते. जळते कुठे? मी कधी जळते? हसू नका!

तर आमचे हे जुनी शिलाई मशिनं दुरुस्त करतात. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, मागच्या खोल्यांत आम्ही, आणि मधल्या दारात मी, कारण पुढून "अगं, पाणी" आणि मागून कुकरची शिट्टी, दोन्हींना उत्तर द्यायचं असतं. आता झालं काय, माझ्या आईचं मशीन बंद पडलं. माझंच! म्हणजे आईने मला दिलेलं. फार जुनं, त्यात होडीसारखं लांबट शटल असतं, खालचा दोरा घेऊन इकडून तिकडे पळणारं, त्या शटलला चीर गेली. आता तसलं शटल कुठे मिळतं? हे कुठेकुठे विचारून आले, शेवटी कुणीतरी सांगितलं, दुसऱ्या गावात एक बाई आहेत, वडिलांचं वर्कशॉप चालवतात, त्यांच्याकडे अशा जुन्या भागांनी कपाटंच्या कपाटं भरलेली आहेत, मेल करा.

मेल करा म्हणे! यांच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, डॉक्टर म्हणाले, मोबाईलकडे बघायचं नाही. आणि बघितलं असतं तरी काय उजेड पडणार होता, यांची बोटं ही एवढी जाड, एक अक्षर दाबायला जावं तर शेजारची दोन बरोबर येतात, वऱ्हाडाला निघाल्यासारखी. म्हणून हे सांगणार आणि मी टाईप करणार. उत्तर आलं की मी वाचून दाखवणार, हे डोळे मिटून ऐकणार. डोळे उघडे ठेवून ऐकायला डॉक्टरांची बंदी नव्हती बरं का! पण नाही. मिटायचे, आणि मान डोलवायची.

पहिलं पत्र, बायकोच्या मशीनला शटल हवंय म्हणून, अगदी व्यवस्थित गेलं. "आदरणीय महोदया." पहिलं उत्तर अगदी व्यवस्थित आलं. "आदरणीय महोदय." वा! मी म्हटलं, घरंदाज बाई दिसते. मी देवाला हातसुद्धा जोडले, म्हटलं, देवा, शटल मिळू दे आणि त्या बाईचं भलं कर. हे मी स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं आहे, देव विसरणार नाही, मीच मेली विसरले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या उत्तरात महोदय गेले. तिथे आमचं आडनाव आणि पुढे साहेब आले. ठीक आहे, साहेब म्हणाली, आम्हाला आयुष्यात कुणी साहेब म्हटलं नव्हतं, हे जरा खुर्चीत ताठ बसले. पुढच्या पत्रात ‘आदरणीय’ गेलं आणि ‘प्रिय’ आलं. म्हटलं, असेल. दुकानदाराच्या जाहिरातीतसुद्धा ‘प्रिय ग्राहक’ असतं. मग साहेब गेले! नुसतं आडनाव उरलं! अहो, पाहुणा घरात येतो, आधी टोपी काढतो, मग कोट काढतो, मग बूट काढून पाय वर घेऊन बसतो, तसं चाललं होतं या बाईचं, प्रत्येक पत्राला एक-एक उतरवत... देवा, क्षमा कर, पण तसंच चाललं होतं!

आणि मग ते पत्र आलं. मी वाचतेय मोठ्याने, गॅसवर दूध, एक डोळा पत्रावर आणि एक डोळा दुधावर, आणि शेवटी लिहिलंय, "आपली हरकत नसेल तर आता हे साहेब-मॅडम राहू द्या. इतकं मनापासून मशिनांविषयी बोलतो आपण. मला नुसतं नावाने लिहा. मीही आपल्याला नावाने लिहीन. पण संकोच वाटत असेल तर जसं आहे तसं चालू दे." दूध उतू गेलं.

किती सभ्य बघा! हरकत नसेल तर म्हणे. संकोच वाटत असेल तर म्हणे. हरकत होती हो! संकोचही होता! पण विचारलं कुणाला? यांना! आणि हे काय म्हणाले? डोळे मिटलेलेच, ओठांच्या कोपऱ्यात हसू आणि, "अगं, बरोबर आहे तिचं. एकाच कामातली माणसं आम्ही. लिही... प्रिय..."

आणि घेतलं तिचं नाव! पहिल्या फटक्यात! अडखळले नाहीत, खाकरले नाहीत! तिचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. छान नाव आहे, म्हणूनच सांगणार नाही. मी तिला शटलवाली म्हणते.

मला काही वाटलं नाही. तुम्हाला सांगते, काही वाटलं नाही. मी लेकीला फोन केला, तोसुद्धा सहज, तिच्या तब्येतीची चौकशी करायला. म्हटलं, "बाळा, बरी आहेस ना? जेवलीस ना? परक्या बाईला नुसतं नावाने पत्र लिहितात का गं?" लेक फिसकन हसली. "आई, अगं सगळीकडे असंच असतं! आमच्या ऑफिसात मोठ्या साहेबांनासुद्धा आम्ही नावाने हाक मारतो." म्हटलं, "आणि साहेबांच्या बायकोला ते कशी हाक मारतात?" तर म्हणते, "मला काय माहीत! आई, तू बाबांवर जळतेयस?" मी फोन ठेवला. दूध उतू गेलं होतं ना, पुसायचं राहिलं होतं.

पण खरं सांगू का... इथे जवळ कुणी नाही म्हणून सांगते. यांनी तिचं नाव घेतल्याचं मला वाईट नव्हतं वाटलं एवढं. मी ओटा पुसत होते आणि पुसता पुसता आठवत होते, की यांनी मला शेवटचं नावाने कधी बरं बोलावलं? आठवेना. पुढून ‘अगं’. बाहेरून आले की ‘कुठेयस?’ पाहुण्यांसमोर ‘आमच्या घरातून’. माझी नणंद मला वहिनी म्हणते, लेक आई म्हणते, गल्ली काकू म्हणते, दुकानात आलेली गिऱ्हाइकं ‘मशीनवाल्यांच्या बाई’ म्हणतात. मलाही नाव आहे हो! वाईट नाहीये. आईने हौसेने ठेवलंय. कपाटात घडी घालून ठेवलेल्या साडीसारखं पडून आहे, नेसायला प्रसंगच येत नाही.

म्हणून मी देवाला बोलले. तशी माझी सवयच आहे. लेकीला नोकरी लागावी म्हणून दही सोडलं होतं, लागली. यांच्या डोळ्यांसाठी मीठ सोडलं होतं, डोळे झाले बरे. आता म्हटलं, देवा, जोवर हे मला नावाने हाक मारत नाहीत तोवर माझ्या चहात साखर नाही. आता तुम्ही म्हणाल, सरळ यांनाच का नाही सांगितलं? अहो, सांगून मारलेली हाक ती काय हाक! आणि यांना कळायचं तर कळलंच असतं. मी साखर नसलेला चहा यांच्यासमोर बसून प्यायचे, प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करायचे, तर म्हणाले काय? "अगं, तुझा दात दुखतोय का?"

आणि तिकडे पत्रं जोरात! शटल कपाटांत शोधतेय म्हणायची, आणि तोवर सुयांची टोकं, पट्ट्यांची लांबी, कुठल्या मशीनला कुठलं तेल... मला तेल म्हटलं की जेवण आठवतं, या दोघांना तेल म्हटलं की चार परिच्छेद सुचतात! हे सांगायचे, "लिही, प्रिय..." आणि तिचं नाव. आणि माझी बोटं... आता बोटंच ती. लहानपणापासून वळण लागलंय, मोठ्यांशी आदराने वागायचं. बोटांनी लिहिलं, "आदरणीय महोदया."

मी नाही लिहिलं. बोटांनी लिहिलं.

आणि तिचं उत्तर आलं की त्यात असायचं ‘प्रिय’ आणि यांचं नाव, ते मी वाचताना वाचायचे, "आदरणीय महोदय." हे उसासा टाकायचे. "अजून महोदयच? स्वतःच म्हणाली नावाने लिहा म्हणून, आणि बघ! फार शिष्ट बाई आहे." मी म्हणायचे, "असतात एकेकांचे स्वभाव." आणि देवापुढे जाऊन कान धरायचे. पण कान सोडले की पुढचं पत्र! आणि पुढच्या पत्रात बोटं आणखी पुढे. हे म्हणाले प्रिय, बोटं म्हणाली "परमादरणीय". हे म्हणाले प्रिय, बोटं म्हणाली "वंदनीय". आणि पत्राच्या शेवटी यांचं सांगून संपलं की मी आपली एक ओळ घालायचे, माणुसकी म्हणून, "आपले यजमान कसे आहेत? त्यांना माझा नमस्कार." प्रत्येक पत्रात. एखादी बाई एवढ्यावरून समजून घेईल की नाही? तर उत्तर आलं, "यजमान नाहीत. लग्न केलं नाही. मशिनांतून सवडच झाली नाही."

लग्न केलं नाही!

मला काही वाटलं नाही. फक्त त्यानंतरच्या पत्रात बोटांनी लिहिलं, "मातृतुल्य पूजनीय."

झालं. उत्तर येईना. रोज सकाळी हे विचारायचे, "आलं का?" मी बघायचे, "नाही हो." आणि एकदाचं आलं, तर काय लिहिलंय? "आदरणीय महोदय. आपण मला आईच्या जागी मानता हे वाचून गंमत वाटली. आपल्याहून मी लहानच असेन. माझ्या मोकळेपणाचा आपल्याला राग आला असावा, तर क्षमस्व. यापुढे आपल्याला त्रास देणार नाही." शटलचा उल्लेखसुद्धा नाही. आता या वेळी ‘आदरणीय महोदय’ खरोखरच लिहिलेलं होतं, मला काही बदलून वाचावं लागलं नाही. मला वाटलं होतं, वाचताना गार वाटेल. वाटलं नाही हो. मधला भाग मी गिळला, एवढंच वाचलं की यापुढे पत्र नाही.

हे बराच वेळ चाक उगाचच फिरवत बसले. मग म्हणाले, "एवढ्या मोठ्या गावात मशिनांविषयी बोलायला एक माणूस नाही. म्हटलं, एक मिळालं." आणि उठून माझ्या आईच्या मशीनवर कापड टाकलं. नीट, चारी बाजूंनी. जसं काही ते आजारी आहे. म्हटलं, अगं बाई, तू साखर सोडलीस, पण यांच्या तोंडची चव तू काढून घेतलीस! शटल गेलं ते गेलंच.

त्याच दुपारी मी लिहायला बसले. स्वतःहून. हे आडवे झाले होते. काय लिहू? ‘क्षमा करा’ एवढंच लिहिलं आणि पाठवलं. खाली नाव टाकायचं धैर्य झालं नाही.

आणि लगेच उत्तर! लगेच! ऐका काय लिहिलं होतं. पाठ झालंय. "ही पत्रं टाईप करणाऱ्या बाई, मला संशय होताच. अहो, मशीन दुरुस्त करणारा माणूस सुईचं टोक समजावता समजावता मध्येच माझ्या यजमानांची चौकशी कशाला करेल? माझे वडील आयुष्यभर मशिनं दुरुस्त करत होते, त्यांना स्वतःच्या जावयाची, माझ्या बहिणीच्या नवऱ्याचीसुद्धा कधी चौकशी सुचली नाही. ती चौकशी बाईची. आणि ‘मातृतुल्य’ तर बाईचंच. मी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिले. राग मानू नका. तुमच्या मशीनचं शटल माझ्याकडे आहे, पण ते मी कुणा महोदयांना पाठवणार नाही. मशीन तुमचं आहे. तुमचं नाव काय? हरकत नसेल तर मी तुम्हाला नुसतं नावाने लिहीन."

हरकत नसेल तर!

मी नाव टाईप केलं. आधी एक अक्षर चुकलं. स्वतःच्या नावात! खोडलं, पुन्हा लिहिलं. पडद्यावर ते बघत बसले. म्हटलं, ही कोण? ओळखीची वाटते. आणि पाठवलं. परत उत्तर आलं, "प्रिय", आणि पुढे माझं नाव. ताई नाही, बाई नाही, काकू नाही, आडनावसुद्धा नाही... आणि तुम्हाला सांगते, ते मुळीच बोडकं दिसत नव्हतं हो! न्हाऊन धुऊन बसलेल्या लेकरासारखं दिसत होतं. मग मीही लिहिलं, "प्रिय", आणि तिचं नाव. छान नाव आहे हो तिचं. मी पहिल्यापासून म्हणतेय.

आणि म्हटलं, आता पार्सल येईल, हे विचारतील, मी सगळं सांगेन, कान धरेन. पण कसचं काय! पार्सल आलं त्या सकाळी मी ओट्यापाशी कणीक मळतेय, हात भरलेले, आणि रस्त्यावरून तो कुरियरवाला ओरडतोय. काय ओरडतोय? नुसतं नाव! अहो, तिने पार्सलवर माझं नुसतं नावच घातलेलं, आडनाव नाही की कुणाची बायको नाही, आमचं ठरलंच होतं ना तसं! तो एकदा ओरडला, दोनदा ओरडला. माझ्या कानात शिरेचना. मी कणकेच्या हाताने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हटलं, "अहो दादा, या नावाचं इथे कुणी राहत नाही! पुढच्या गल्लीत बघा!"

हो! मी! माझ्या तोंडाने! तो बिचारा निघाला!

आणि पुढच्या खोलीतून चाक थांबल्याचा आवाज आला. मग हे मधल्या दारात, गळ्यात माप घ्यायची फीत, हातात पाना, "अगं... ती तूच ना?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. दोघांच्याही तोंडावर तोच प्रश्न!

आणि मग हे धावले. अहो, डॉक्टरांनी धावायचं नाही म्हणून सांगितलेलं! एका पायात स्वतःची चप्पल, एका पायात माझी, आणि भर रस्त्यात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडताहेत, माझं नाव! पूर्ण नाव, मोठ्याने, परत परत! "अहो, थांबा! ती इथेच राहते! माझी बायको आहे ती! अहो, ती इथेच आहे!" समोरच्या गॅलरीतली बाई वाकून बघते, शेजारचा टेलर दुकानातून बाहेर आला, आणि मी खिडकीत, कणकेचे हात हवेत, आणि डोळ्यांतून घळाघळा... नवस फळला की हो! फळला! पण कसा फळला? हाक मारली कुणाला? कुरियरवाल्याला! नाव माझं आणि हाक त्याला! आता देवाकडे हा हिशेब कसा धरायचा, सांगा तुम्ही!

हे परत आले धापा टाकत, पार्सल माझ्यासमोर ठेवलं. वर माझं नाव. आत शटल, कापसात गुंडाळलेलं, आणि एक चिठ्ठी. मी हात धुवेपर्यंत यांनी चष्मा शोधून ती वाचलीसुद्धा, मोबाईलला बंदी, चिठ्ठीला नाही! वाचली आणि तोंड हे एवढं. म्हणाले, "तुला प्रिय. तुला नुसतं नाव. आणि खाली हे काय? ‘आदरणीय महोदयांना सादर प्रणाम.’ मी महोदय?" मग मी सांगितलं सगळं. बोटांचं, वंदनीयचं, यजमानांचं, मातृतुल्यचंसुद्धा. मला वाटलं, रागावतील. हे बराच वेळ शटलला तेल लावत बसले, मग म्हणाले, "मला काही वाटलं नाही."

असं म्हणाले, आणि तेलाचा डबा इतक्या जोरात आपटला की झाकण घरंगळत पार देवापाशी जाऊन थांबलं.

आता मशीन सुरू आहे. छान चालतं, खालचा दोरा एकदासुद्धा तुटत नाही. पत्रंही सुरू आहेत, आमची दोघींची. हे मधून मधून विचारतात, "काय लिहितेस? माझा नमस्कार घातलास का? कसा घातलास? अगं, प्रियच्या शेजारी कुठेतरी मलाही बसव की!" मी म्हणते, तिला विचारून सांगते, तिला संकोच नसेल तर.

आणि साखरेचं म्हणाल, तर देवापुढे बसून पुष्कळ विचार केला. नाव घेतलं, हे खरं. हाक मला मारली नाही, हेही खरं. म्हणून मी अर्धा चमचा घालते. परवा यांनी कपात बघितलं. "अर्धाच का गं?" म्हटलं सगळं सोसलंय, आता हेही सांगून टाकू, सांगितलं. हे उठले, पुढच्या खोलीत गेले. मी आतून ऐकतेय, खाकरले... पुन्हा खाकरले... माझा चमचा साखरेच्या डब्यात, भरलेला, हात तसाच वर... आणि तिकडून हाक आली.

"अगं..."

मी अर्धी साखर हलकेच डब्यात परत टाकली. असू दे हो. अर्धा चमचासुद्धा काही कमी गोड नसतो.